चाकाची समोरची बाजू

मी आयुष्यभर रेघा मारल्या. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि ड्राफ्ट्समन म्हणूनच निवृत्त झालो. धरणं इतरांनी बांधली, मी त्यांचे नकाशे काढले. माझी रेघ केसासारखी बारीक यायची आणि तिचा मला भयंकर गर्व होता. माझ्या टेबलाशी उभं राहून कुणी "वा" म्हटलं नाही, तर तो माणूस मला सरळसरळ अडाणी वाटायचा. हा गर्व एका माणसानं उतरवला. त्यासाठी त्यांना माझ्या रेघेबद्दल एक शब्दही खर्चावा लागला नाही. त्यांनी माझ्या तळहातावर पितळेची एक नळी ठेवली, एवढंच.

त्यांचं नाव सुखदेवराव. सत्तर सालच्या आसपास मी पाचपावलीत भाड्यानं राहायला आलो, तेव्हा ते आमच्या मागच्या गल्लीत राहत. गिरणीच्या मेकॅनिक खात्यात ते टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड-पितळ कातून सुटे भाग करणारे. दिवसभर तेच काम करून आलेला माणूस घरी आल्यावर पाय लांब करून पडेल की नाही? पण नाही. संध्याकाळी आणि रविवारी त्यांच्या अंगणातून पुन्हा घर्र घर्र सुरू व्हायची. दोन रविवार मी सहन केलं. तिसऱ्या रविवारी सकाळी, दाढीचा साबण अर्धवट पुसून, तक्रार करायला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

अंगणाच्या एका कडेला टिनाचं छप्पर, त्याखाली लेथ. असला लेथ मी जन्मात पाहिला नव्हता. पायटा शिंप्याच्या मशीनचा, चाक जुन्या कडबाकुट्टीचं, बाकीचं कबाडातून एकेक जमवलेलं. समोर एक काटकुळा माणूस, खाकी हाफपँट आणि बनियन, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. पाय पायट्यावर चालू, नजर कामावर. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वर न करता एक बोट उचललं. थांबा.

मी सरकारी माणूस. मला दारात थांबवून ठेवणारा हा कोण? पण का कोण जाणे, थांबलो. चांगली दहा मिनिटं थांबलो. मग त्यांनी पाय थांबवला, नळी काढली, कापडानं पुसली, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख नळीच्या आतून हळूच फिरवलं. मग मला म्हणाले, "हात द्या."

मी हात पुढे केला. त्यांनी नळी माझ्या तळहातावर उभी ठेवली. "दाबून धरा. खालून हवा नाही गेली पाह्यजे." पितळेचाच एक भरीव गट्टू घेतला, त्याला तेलाचं बोट लावलं आणि वरून नळीत सोडला. तो पडला नाही. तो उतरायला लागला. मी मनात आकडे मोजायला लागलो. एकवीसपर्यंत आलो तरी तो आपला उतरतोच आहे, घाई नाही, गडबड नाही, जणू कुणी अदृश्य माणूस त्याला दोरीनं खाली सोडत होता. "आता हात काढा," सुखदेवराव म्हणाले. मी हात काढला, तसा तो गट्टू टपकन त्यांच्या ओंजळीत पडला.

"आत हवा हाये," ते म्हणाले. "तिले निघाले जागा नाही ठेवली मी."

पायानं चालवलेल्या, कबाडातून जमवलेल्या यंत्रावर या माणसानं हवेला निसटू न देणारी नळी कातली होती. माझी रेघ कितीही बारीक असो, तिला जाडी होती. या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीला जाडीच नव्हती.

"काहून आलते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आवाज आला म्हणून."

"तरास होते का?"

"छे छे," मी म्हणालो. तोंडावर साबण तसाच होता.

त्यानंतर दर रविवारी मी तिकडेच. आमच्या घरी त्यावरून बोलणी बसत, ती वेगळी गोष्ट. सुखदेवराव मला नकाशेबाबू म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला कधी नीट कळलं नाही. बोलणं मोजकं. "डोळा फसवते, नख नाही फसवत," हे एक. जोड कितीही गुळगुळीत दिसो, त्यावरून अंगठ्याचं नख फिरवल्याशिवाय ते तो पास करायचे नाहीत. आणि कुणी "कधी होणार हो हे?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "घाई असन तं भजे तळा."

लेथच्या मागे भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर बिघडलेले तुकडे ओळीनं मांडलेले. एका नळीच्या अकरा बहिणी तिथे उभ्या होत्या. मला त्या अकराही निर्दोष दिसत. मी म्हटलं, वितळवून पुन्हा वापरा की. तर म्हणाले, "नाही. चुकलेलं डोळ्यासमोर राहू द्या. बरोबर झालेलं तं आपोआप इंजिनात जाते."

इंजिनात. कारण हा सगळा खटाटोप एका इंजिनासाठी होता. गिरणीत पूर्वी वाफेचं एक अजस्र इंजिन होतं, त्याच्या जोरावर सगळे माग आणि सूत कातणाऱ्या चात्या चालायच्या. पुढे विजेच्या मोटारी आल्या, इंजिन बंद पडलं, मग गॅसनं कापून भंगारात गेलं. सुखदेवराव तेच इंजिन टेबलावर मावेल एवढं करत होते. दोन माणसं उंच असलेलं चाक आता जेवणाच्या ताटाएवढं होणार होतं. पण दिखाव्याचं खेळणं नाही. खऱ्या वाफेवर चालणारं.

आणि ते कुणासाठी, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. छपराच्या दाराशी एक बाज असायची. तिच्यावर सुखदेवरावांचे वडील, डोमाजीबाबा, दिवसभर बसून असत. ऐंशीच्या घरातले. तीस वर्षं गिरणीच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकून टाकून आगीनं त्यांचे डोळे खाल्ले होते. समोरचं माणूस त्यांना सावलीएवढंच दिसायचं. पण कान असा, की लेथच्या आवाजावरून सांगत, "सुखदेव, हत्यार बोथरलं तुह्यं." आणि खरंच बोथटलेलं असायचं.

एकदा मी त्यांच्याजवळ टेकलो आणि इंजिनाबद्दल विचारलं. म्हातारा हसला. "तीस वर्षं वाफ मी केली, नकाशेबाबू. पण चावी कधी फिरवली नाही."

चावी म्हणजे वाफ इंजिनात सोडायचा तो गोल व्हॉल्व्ह. तो इंजिनवाल्याच्या हाती. इंजिनाची खोली वेगळी होती, फरशीची, झाडून-पुसून लख्ख, आणि इंजिनवाला पांढऱ्या कपड्यांत. बॉयलर भिंतीच्या मागे. त्या वेळी डोमाजीबाबांच्या जातीच्या माणसाला इंजिनाच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती. कोळसा टाकावा, राख काढावी, वाफ करावी, पण त्या वाफेनं काय फिरतं ते बघायला आत येऊ नये. भिंतीत फक्त एक झरोका होता. वाफ कमी पडली की इंजिनवाला पलीकडून हातोडीनं नळावर ठोकायचा, आणि बाबा त्या झरोक्यातून बघायचे. चाकाचा वरचा अर्धा भाग दिसायचा. दसऱ्याला इंजिनाची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, साऱ्या खात्यांना प्रसाद वाटला जायचा. बाबांना तो त्याच झरोक्यातून, वरून, हाताला हात लागू न देता मिळायचा.

हे ऐकताना माझ्या डोक्यात काय चालू होतं, ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगतो. मी एकदम उत्साहानं म्हणालो, "अहो, मी पाहिलंय ते इंजिन! चौथीत असताना. वडिलांची ओळख होती, आम्हा पोरांना दसऱ्याला आत नेलं होतं. अगदी इंजिनासमोर उभं केलं, पूजा झाल्यावर घटकाभर चालवून दाखवलं, हातात बत्तासे दिले!"

लेथचा आवाज थांबला. सुखदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाय चालू केला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की जिथे हा माणूस तीस वर्षांत जाऊ शकला नाही, तिथे मी नऊ वर्षांचा असताना बत्तासे खात उभा होतो. जीभ चावली, पण बोललेलं परत घेता येतं थोडंच? डोमाजीबाबांना मात्र राग नव्हता. ते पुढे वाकले. "समोरून कसं दिसे ते?"

मग मी सांगितलं. झगझगणारं पितळ, हिरवा रंग, डौलात फिरणारं चाक. म्हातारा तोंड उघडं टाकून ऐकत होता. दुसऱ्या रविवारी मी कागद आणि पेन्सिली घेऊन गेलो आणि लहानपणी पाहिलेलं आठवून इंजिनाचं समोरून दिसणारं चित्र काढलं. सुखदेवराव मेकॅनिक खात्यात लागले तोवर दिवस थोडे बदलले होते. तेही दुरुस्तीसाठी पुढच्या दारानं आत जात, त्यामुळे मापं त्यांच्या डोक्यात पक्की होती. चाक कुठल्या दिशेनं फिरतं ते दाखवणारा ठसठशीत बाण मी काढला. तो बाण मला फार सुंदर जमला होता.

इंजिन भंगारात निघालं त्या दिवशी डोमाजीबाबा काठी टेकत गिरणीच्या फाटकापर्यंत गेले होते. येताना दुपट्ट्यात त्याच इंजिनाच्या गनमेटलचा, म्हणजे कथील मिसळलेल्या तांब्याचा, एक तुकडा घेऊन आले. कुणा ओळखीच्या हमालानं दिला होता. तो तुकडा सुखदेवरावांनी सहा वर्षं जपून ठेवला. त्यातून त्यांनी एकच वस्तू केली. चावी. रुपयाएवढं गोल चाक, त्याला पाच आऱ्या. आणि घरात एक गोष्ट ठरून गेली होती, तिची चर्चाही होत नसे. इंजिन तयार झालं की ही चावी पहिल्यांदा डोमाजीबाबा फिरवतील. त्याआधी कुणीही नाही. एकदा कॉलेजातले कुणी प्राध्यापक आले, प्रदर्शनात ठेवू म्हणाले, पेपरात फोटो येईल म्हणाले. सुखदेवरावांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "अजून बाबानं चावी फिरवली नाही." प्राध्यापकांना त्यातलं काही कळलं नाही. चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

दसऱ्याची त्यांची रीत न्यारी होती. त्या दिवशी गावभरची यंत्रं गप्प. गिरणीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. सुखदेवराव सकाळी पांढरे कपडे करून बायकोला आणि बाबांना घेऊन दीक्षाभूमीवर जाऊन येत. आणि दुपारी, साऱ्या पाचपावलीत शांतता असताना, यांचा लेथ घर्र घर्र. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "अहो, आज तरी विश्रांती द्या मशीनला."

"मशीन चालते तेच तिचं सोनं," ते म्हणाले. "हार घालून बंद ठेवाचं आन् चालवणाऱ्याले बाहेर उभं कराचं, ते आपल्याले नाही जमत."

त्यांची बायको शेवंताबाई. त्या घरात मोठ्यानं बोलायची मुभा फक्त त्यांना होती. दर उन्हाळ्यात त्या भिवापूरची मिरची आणून अंगणात वाळत घालायच्या, आणि लेथवरचा लोखंडाचा कीस वाऱ्यानं उडून मिरचीवर जायचा. "लोखंड खाऊ घालता का घरादाराले?" त्या ओरडायच्या. तिकडे मिरचीचा ठसका उठला की सुखदेवरावांना शिंका यायच्या, हात हलायचा आणि तुकडा बिघडायचा. फळीवरच्या अकरा नळ्यांपैकी चार, त्यांच्या हिशेबानं, मिरचीच्या नावावर होत्या.

एका उन्हाळ्यात त्यांच्या हातून एक नट पडला. नट म्हणजे केवढा, ज्वारीच्या दाण्याएवढा, कानशीनं घासून सहा कोन काढलेला. असे चौसष्ट केले होते. पडला तो दिसेनासा झाला. झालं, काम बंद. अंगण झाडलं, माती चाळणीनं चाळली, बाज उलटी केली. मीही गुडघ्यावर बसून लोहचुंबक फिरवत होतो. शेवटी मी वैतागलो. "सुखदेवराव, तुम्हाला एक नट करायला तास पुरतो. आपण तिघं सकाळपासून माती चिवडतोय!"

ते शांतपणे म्हणाले, "दुसरा तं होते. पण हा गेला कुठं, हे नको का समजाले?"

नट दुपारी सापडला. शेवंताबाईंच्या मिरचीत. त्यांनी तो चिमटीत धरून नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. आता मिरचीत लोखंड नाही, लोखंडातच मिरची हाये." सुखदेवराव हसले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले.

असं करत करत पाच-सहा वर्षं गेली. इंजिन उभं राहिलं. चाक बोटानं ढकललं की कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहायचं. उरला होता तो बॉयलर, तांब्याचा, हंड्याएवढा. आणि त्याच सुमारास डोमाजीबाबा आजारी पडले. छाती भरली, ताप हटेना, अन्न जाईना. डॉक्टरांनी सुखदेवरावांना बाजूला घेऊन सांगितलं ते मीही ऐकलं. फार भरवसा धरू नका.

मला वाटलं आता तरी हा माणूस घाई करील. त्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरलं, सगळ्या जोडांवर खडूची भुकटी फासली आणि पंपानं दाब द्यायला लागले. कुठे इवलासा जरी ओलावा सुटला, तरी पांढऱ्या भुकटीवर काळा ठिपका दिसणार. दिसला. मोहरीएवढा ठिपका. सुखदेवरावांनी तो बराच वेळ पाहिला, आणि अख्खा जोड उघडायला घेतला.

माझा तोल गेला. "अहो, तिकडे म्हातारा घटका मोजतोय! सायकलच्या पंपानं हवा भरा आणि चालवून दाखवा. चाक फिरलं म्हणजे झालं. त्यांना कुठे दिसतंय?"

सुखदेवरावांचा चढा आवाज मी त्या दिवशी ऐकला, पहिल्यांदा आणि शेवटचा. "बाबा वाफ ओळखते, नकाशेबाबू! हवेवर चालवलं तं त्याले एका मिनिटात समजन. मरता माणसाशी खोटं बोलू का मी?"

"मग आहे तसाच बॉयलर पेटवा. एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय?"

"अन् फुटला तं?" ते खाली बसले. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. "त्याच्यापाशी कोण बसणार हाये? बाबाच बसणार हाये."

घरी आलो आणि बायकोला सांगितलं की मी मूर्ख आहे. तिनं फारसं आश्चर्य दाखवलं नाही.

तो जोड त्यांनी दोनदा उघडला. दिवसा गिरणी, मग वडिलांचं औषधपाणी, मग बॉयलर. मला रोज वाटायचं, आज ती बातमी येणार. त्यांनाही वाटत असणार, कारण काम करताना त्यांचं तोंड बाजेकडे असायचं. पण हात घाईला आला नाही, एकदासुद्धा. मी माणसाचं धैर्य म्हणून जे काही पाहिलं आहे, त्यात हे सगळ्यात मोठं. समोर वडील जातायत, आणि त्यांच्याचसाठी चाललेलं काम, त्यांच्याचसाठी, हळू करायचं.

बाबा टिकले. कसे कोण जाणे, पण पावसाळा सरता सरता उठून बसले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "झाला का गा बॉयलर?"

"झाला, बाबा. कोरडा हाये."

दसऱ्याची दुपार ठरली. दीक्षाभूमीवरून येऊन सगळे पांढऱ्या कपड्यांतच होते. अंगणात टेबल, टेबलावर इंजिन, मागे अंगणाची भिंत. इंजिनासमोर खुर्ची, खुर्चीत डोमाजीबाबा. मी होतो, शेवंताबाई होत्या. साऱ्या गल्लीत एक यंत्र चालू नव्हतं.

कोळसा बाबांनीच टाकला. लहानशा पळीनं, चाचपडत, पण प्रत्येक पळी बरोबर जागी. मग कान पुढे करून बसून राहिले. बॉयलर आधी कुरकुरला, मग गुणगुणला. सुखदेवराव दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून होते. काटा खुणेवर आला, त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी म्हातारा म्हणाला, "आता झाली."

सुखदेवरावांनी बाबांचा हात धरून चावीवर ठेवला आणि आपला हात काढून घेतला. बाबांनी ती चावी आधी नुसती चाचपली. पाचही आऱ्या एकेक करून. मग थोडी फिरवली. सूंऽऽ झालं, नळीतून पाणी थुंकलं गेलं, चाक हललं आणि थांबलं. सुखदेवराव पुढे झाले. "थांब," बाबा म्हणाले. "गरम होऊ दे तिले." दम खाऊन त्यांनी पुन्हा चावी फिरवली. चाक हललं, अडखळलं, आणि फिरायला लागलं. फिरतच राहिलं. छुक छुक वगैरे काही नाही. एक मऊ, भरदार श्वास, आणि पुन्हा तोच.

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरून आले, सांगायला संकोच कशाला. डोमाजीबाबांचा उजवा हात चावीवरच होता. डावा हात त्यांनी हळूहळू पुढे केला आणि तर्जनीचं नख फिरत्या चाकाच्या वरच्या कडेला टेकवलं. मुलाची सवय कुठून आली ते मला तेव्हा कळलं. थोडा वेळ ते तसेच बसले. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"सुखदेव," ते म्हणाले, "हे उलटं फिरून राह्यलं गा."

सुखदेवरावांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. इतकी वर्षं, अकरा नळ्या, चौसष्ट नट, आणि चाक उलटं. मला ते बघवेना. मी मध्ये पडलो. "बाबा, उलटं कसं असेल? मी पाहिलंय ना ते इंजिन. चाक वरून उजवीकडे जायचं. नकाशात बाण काढलाय मी."

"मी तीस वर्षं पाह्यलं, बाबू. वरून डाव्या हाताकडे जाये."

आंधळ्या म्हाताऱ्याशी काय वाद घालायचा, असं माझ्या मनात आलं. हो, आलं. तेवढ्यात माझं सुखदेवरावांकडे लक्ष गेलं. ते इंजिनाकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते बाबांच्या खुर्चीकडे बघत होते, आणि मग इंजिनामागच्या भिंतीकडे. आणि मलाही कळलं.

चाक तेच. समोर उभं राहिलं की ते उजवीकडे जातं, मागे उभं राहिलं की डावीकडे. मी समोरून पाहिलं होतं. सुखदेवरावांनीही समोरून. बाबांनी तीस वर्षं ते भिंतीमागून, झरोक्यातून पाहिलं होतं. प्रत्येक माप तीनदा घेणाऱ्या मुलानं बापाला सगळं विचारलं, पण चाक कुठल्या बाजूनं पाहिलं हे विचारायचं राहिलं. आणि मी? मला तर झरोक्याची गोष्ट पाठ होती. ती ऐकूनही मी फक्त समोरचं चित्र काढलं. मागची बाजू काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"बाबा," सुखदेवराव म्हणाले, "तुमी आज समोर बसले आहा. झरोका तिकडं मांगं होता. थांबा, मी तुमची खुर्ची तिकडं नेतो. मंग बरोबर फिरन."

त्यांनी खुर्चीला हात घातला. म्हाताऱ्यानं पाय जमिनीत रोवले.

"नाही," बाबा म्हणाले. "तिकडून लय पाह्यलं. मले इकडंच बसू दे."

सुखदेवरावांनी हात काढला. महिन्याभरातच माझी बदली झाली, बिऱ्हाड हलवायच्या धांदलीत पुन्हा तिकडे बसणं झालं नाही, म्हणून त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या दुपारीच. ते टेबलाला वळसा घालून इंजिनामागे गेले, भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले आणि डोळे चाकाच्या उंचीला आणले. मग एक हात आडवा धरून चाकाचा खालचा भाग झाकला.

"बाबा, तुमाले एवढंच दिसे का?"

"तेवढंच," बाबा म्हणाले.

हात तसाच आडवा धरून ते बघत राहिले. फिरत्या चाकापलीकडे त्यांचं अर्धंच तोंड मला दिसत होतं, आणि सुतळी बांधलेला चष्मा वाफेनं धुरकटत चालला होता, तो पुसायचं त्यांना भान नव्हतं. इकडे समोर, कुणालाही न विचारता, डोमाजीबाबांनी चावी आणखी थोडी उघडली.